दिव्यावाला मुलीकडे गेला

आमचा दादा गिऱ्हाईकाशी बिनदिक्कत खोटं बोलतो. टाळूवर चार केस उरलेल्या माणसाला "अजून चांगले दाट आहेत की!" असं म्हणताना त्याची पापणीही लवत नाही. धंद्याला ते लागतंच. पण मालिकेबद्दल तो कधी खोटं बोलत नाही. तिथे तो कुणालाही सूट देत नाही, वहिनीच्या लाडक्या नायिकेलासुद्धा.

आमचं केस कापायचं दुकान दोन खुर्च्यांचं. दाराजवळची पहिली खुर्ची दादाची, आतली माझी. वर कोपऱ्यात टीव्ही. आदल्या संध्याकाळचे भाग सकाळी परत लागतात, ते दुकानात चालू असतात. दादाने ते घरी बघितलेले असतातच. त्यामुळे सकाळी त्याचं लक्ष गालावर असतं आणि तोंड निकाल देत असतं. फेस लावलेल्या माणसाला वाद घालता येत नाही आणि गळ्यावर वस्तरा असताना मान हलवायचीही सोय नसते. म्हणूनच आमच्या दुकानात दादाच्या मतांना आजवर कुणी विरोध केलेला नाही.

"आता हिची स्मृती गेली," तो म्हणायचा. "मागच्या महिन्यात आली होती, परत गेली. अहो, माझी कात्री कुठे ठेवली एवढं विसरलो तर मी दिवसभर सैरभैर असतो. हिला स्वतःचा नवरा आठवत नाही आणि लिपस्टिक मात्र जागच्या जागी!"

गाण्याच्या स्पर्धेचा नवा सीझन सुरू झाला तेव्हा त्याने पहिल्याच आठवड्यात हात झटकले. "परीक्षकच आधी रडतात. मग गाणाऱ्याने काय करायचं? मागच्या सीझनला निदान एक तरी बाई तोंडावर सांगायची, बाळा, तू बेसूर गायलास. तिला काढून टाकली. खरं बोलणाऱ्याला टीव्हीवर काय, कुठेच पगार नाही."

त्याचा जीव होता तो बंदराच्या मालिकेवर. तिचं खरं नाव लांबलचक आहे, आमच्याकडे कुणी घेत नाही. बंदरावर एक तपासनीस बाई येते, चोरीचा माल पकडते आणि सगळं गाव तिच्यावर उठतं, अशी ती गोष्ट. दादाच्या मते पहिला सीझन चोख होता. दुसऱ्यात त्यांनी पाणी घातलं, "फेस वाढवायला आपण घालतो ना, तसं. दिसायला भरपूर, गालावर टिकत नाही." तिसऱ्यात मात्र जीव आला, कारण दीपगृहावरच्या म्हाताऱ्याला त्यांनी पुढे आणलं. दादा त्याला दिव्यावाला म्हणायचा. कमी बोलणारा, आधी काम उरकणारा आणि मग तोंड उघडणारा माणूस. दादा स्वतः अखंड बडबडतो, पण त्याला माणसं आवडतात ती अशी.

मला मालिकांचा तिटकारा आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी काय केलं ते ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की मला त्याची हौस होती.

दादाचा डावा डोळा लहानपणापासून अधू. चेंडू लागला होता. जवळचं धूसर दिसतं, त्यापलीकडे नुसता उजेड. सगळा कारभार उजव्यावर. यंदा त्या उजव्याने दगा द्यायला सुरुवात केली आणि आम्हा दोघांनाही ते कळलं नाही. दादाला वस्तऱ्याची धार मधोमध वाकलेली दिसायला लागली. दुसऱ्या कुणाला दाराची चौकट वाकडी दिसली असती, तर तो सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला असता. दादाने ब्लेड बदललं. मग दुसरं बदललं. मग पाकीटच्या पाकीट फेकून दिलं, कंपनीला शिव्या घातल्या, दुकानदाराशी भांडला, वेगळ्या कंपनीचं आणलं. "हल्ली मालच वाकडा येतो," म्हणायचा. मीही मान डोलवायचो. माझ्या खुर्चीवर तीच ब्लेडं सरळ चालत होती आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. एका सकाळी समोरच्या टायरवाल्याच्या हनुवटीवर वस्तरा ठेवून तो थांबला आणि मला हळूच म्हणाला, "जरा इकडे ये रे. याचा चेहरा मधे नाहीये."

डोळ्याच्या आतल्या पडद्याला मधोमध छिद्र पडलेलं. बरोबर जिथून माणूस धार बघतो, तिथे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं स्वच्छ. ऑपरेशन करून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडायचा. तो बुडबुडा वर वर जाणार, म्हणून माणसाने तोंड सतत जमिनीकडे ठेवायचं, म्हणजे बुडबुडा पडद्याला टेकून राहतो आणि छिद्र मिटतं. झोपताना पालथं, बसताना मान खाली, जेवताना मान खाली. "मान वर करत राहिलात तर ऑपरेशन केलं न केलं सारखंच," त्या म्हणाल्या. "काम काय करता?"

"गळ्यावर वस्तरा चालवतो," दादा म्हणाला. त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही.

वहिनीने दोन उशा नाकापुरती फट ठेवून एकमेकींना शिवल्या. दिवसा तो खुर्चीवर बसायचा आणि टेबलावरच्या त्या उशांमध्ये तोंड खुपसायचा. चहा नळीने. मान खाली ठेवूनच उठला, की अधू डोळ्याने त्याला फक्त आमची पावलं दिसायची, तीही धूसर. शाळेत बाकावर मान खाली घालून बसवलेल्या मुलासारखा माझा मोठा भाऊ बसलेला असायचा आणि मला त्याची मान मागून बघवायची नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या माना त्याने वाकवल्या होत्या.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. वहिनीने सवयीने टीव्ही लावला. बंदराच्या मालिकेचं संगीत सुरू झालं आणि दादाची मान झटकन वर. क्षणभरच. पण वहिनी अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. दादाही घाबरला. परत उशीत तोंड घालून म्हणाला, "चुकलं. आपोआप झालं गं." त्या दिवसापासून घरातला टीव्ही बंद. रेडिओही बंद. वहिनीने रिमोट कपाटात, कपड्यांखाली कोंबला.

पण दादाला गोष्ट हवीच होती. पालथा माणूस करणार काय? "तू बघून येऊन सांगत जा," त्याने मला फर्मावलं. म्हणजे दुकान बंद केल्यावर मी तिथेच बसून बंदराचा भाग बघायचा आणि घरी येऊन त्याच्या डोक्याशी स्टूल घेऊन सांगायचा. मी सांगितलं की ती बाई आली, बोलली, गेली. दादा उशीतून म्हणाला, "हा भाग झाला की हजेरी? नीट सांग. काय घातलं होतं, दार कुणी उघडलं, कोण गप्प राहिलं." मग मी शिकलो. नाइलाजाने, पण शिकलो. कोण गप्प राहिलं ते बघायला लागलो. हळूहळू मलाच दुकान कधी बंद होतंय असं व्हायला लागलं. हे मी कुणाला कबूल केलेलं नाही.

आणि मग मालिकावाल्यांनी दिव्यावाल्याला मारलं.

सीझन संपायला थोडे भाग उरले होते. वादळाच्या भागात दिवा विझतो, म्हातारा वर चढतो, दिवा लावतो आणि तिथेच बसल्या जागी जातो. खाली सगळ्यांना दिवा दिसतो, म्हणून कुणी वर बघायलाच जात नाही. मी दुकानात एकटा होतो.  डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही: हे दादाला सांगितलं तर मान वर जाणार.

त्याच दिवशी सकाळी आम्ही तपासणीला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं, दादाला थेंब घालायला वहिनीबरोबर शेजारच्या खोलीत पाठवलं आणि मला थांबवलं. "छिद्र अजून पूर्ण मिटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कडा जवळ आल्यात. अजून काही दिवस तसंच राहू देत. मिटेलच असं मी सांगू शकत नाही. त्यांना मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

घरी आल्यावर दादाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "छान आहे म्हणाल्या. थोडे दिवस जास्त, खबरदारी म्हणून." वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी तिला नंतर स्वयंपाकघरात खरं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "नको सांगू. धीर सुटला की हा उठून बसेल." मग आम्ही दोघंही त्या खोट्यात अडकलो.

संध्याकाळी दादाने नेहमीसारखं विचारलं, "हं. वादळ झालं?"

"झालं."

"दिव्यावाला?"

"तो नव्हताच," मी म्हणालो. "मुलीकडे गेलाय. तिला बरं नाही."

उशीतून आवाज आला, "वादळाच्या भागात त्याला मुलीकडे पाठवला?"

"हो."

"लेखक बदलला वाटतं."

पुढच्या भागांत म्हाताऱ्याचा अंत्यविधी होता, तपासनीस बाईचं रडणं होतं, गावाचं तिच्या बाजूने वळणं होतं. यातलं दादाला काय सांगणार? मला रोज एक नवी गोष्ट रचावी लागली. बाईची बदली थांबली. चोर स्वतःहून शरण आले. ज्याने खोटी साक्ष दिली होती त्याने माफी मागितली. मी दुपारी गिऱ्हाईकाचे केस कापताकापता संध्याकाळचा भाग जुळवायचो. त्या काळात एका माणसाचे कल्ले मी वरखाली ठेवले.  पायऱ्या चढताना मी मनात उजळणी करायचो, परीक्षेला निघाल्यासारखी. एक चुकलो तर दादा मान उचलेल, बुडबुडा सरकेल, छिद्र उघडेल आणि त्याला मी जबाबदार, असं सारखं वाटायचं. जेवण जाईना. वहिनी म्हणायची, "तुझेच गाल बसलेत भावजी, तूही पालथा पडतोस का?"

दादाचे निकाल मात्र चालूच होते. माझ्या भागांवर. "घसरली," तो म्हणायचा. "सगळे एकमेकांशी गोड बोलतायत. चोर शरण कशाला येईल? त्याचं काय बिघडलंय? लेखकाला भीती वाटतेय कसलीतरी. घाबरलेल्या हाताने दाढी केली की केस तसेच राहतात बघ. वरवरून फिरवलंय नुसतं."

मला राग आला. घाम गाळून रचतोय कुणासाठी? मी म्हणालो, "लोकांना आवडतंय."

"लोकांना काय, माझ्या हातची दाढीही आवडते अन् तुझ्या हातचीही."

गिऱ्हाइकांना मी दादाला भेटायला येऊ देत नव्हतो. डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणायचो. तेही खोटंच. पण समोरचा टायरवाला ऐकेना. ज्याच्या हनुवटीवर वस्तरा थांबला होता, तोच हा. त्याला वाटत होतं की दादाचा डोळा त्याच्या दाढीपायी गेला. रविवारी तो थेट घरी आला. मी दारातच त्याला धरलं. "काका, बंदराची गोष्ट काढू नका. आणि निघालीच, तर दिव्यावाला गेला हे बोलू नका. तो जिवंत आहे. पुढचं मी बघतो."

"अरे, मला काय खुळा समजतोस?" तो म्हणाला आणि आत गेला.

दादाने पावलांच्या आवाजावरून ओळखलं. "टायरवाले! या. दाढी कोण करतं हल्ली?"

"वाढवलीय. तू उठलास की करीन." टायरवाला स्टुलावर बसला. उशीतल्या डोक्याशी काय बोलावं ते त्याला सुचेना. मग त्याने नको तेच केलं. मदत करायला निघाला. "तुझा दिव्यावाला काय बोलला रे परवा! बंदरावर सगळ्यांसमोर उभा राहिला आणि भाषणच ठोकलं. मी म्हटलं, हे तुला आवडलं असतं. वा!"

मी दारात उभा होतो. 

"असं?" दादा म्हणाला. "भाषण केलं?"

"चांगलं लांबलचक!"

दादाने ती गोष्ट तिथेच सोडली. टायरांचे भाव विचारले, टायरवाल्याच्या मुलीची चौकशी केली. वहिनीने चहा दिला. टायरवाला जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून डोळा मिचकावून गेला. मोठं काम केल्यासारखा.

दार लागल्यावर दादा म्हणाला, "बस इथे."

मी बसलो.

"तुझ्या मते दिव्यावाला मुलीकडे आहे. त्याच्या मते बंदरावर भाषण देतोय. आणि तो माणूस तीन सीझनमध्ये एकदाही लांब वाक्य बोललेला नाही." तो थांबला. "मेला ना?"

 मी त्याच्या मानेकडे बघत होतो. हात पुढे धरून बसलो होतो, ती उठली तर दाबून धरायला. ती हलली नाही.

"मेला," मी म्हणालो.

"वादळातच?"

"हो."

"म्हणजे नंतरचे सगळे भाग तू लिहिलेस. तरीच म्हटलं." त्याने श्वास सोडला. मला वाटलं संपलं. मग तो अगदी हळू म्हणाला, "आणि डॉक्टरीणबाईंचा? तो भाग कुणी लिहिला?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने तोंडाला पदर लावला. मी तिच्याकडे बघितलं, ती मान हलवत होती: नको, नको. पण मला ते ओझं आणखी पेलवेना. खरं सांगायचं तर मी शहाणपणाने बोललो नाही, दमलो होतो म्हणून बोललो.

"छिद्र मिटलेलं नाही दादा. कडा जवळ आल्यात. मिटेल की नाही त्या सांगू शकत नाहीत."

मान वर गेली नाही. इतका वेळ मी ज्याला घाबरत होतो ते झालंच नाही. उशांच्या फटीतून टेबलावर एक थेंब पडला, मग दुसरा. पालथ्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळत नाही, सरळ खाली पडतं. वहिनी पुढे झाली, तिने फडक्याने टेबल पुसलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"तू मला घाबरवलं नाहीस," तो म्हणाला. "तू मला एकटा ठेवलंस. रोज ऐकत होतो, वाटायचं सगळ्यांचं गोड चाललंय, मलाच आत भीती का वाटते? आता दिव्यावाला कसा गेला ते सांग. नीट. कोण गप्प राहिलं तेही."

मी सांगितलं. पहिल्यापासून, काही न वगळता. दिवा लागलेला असतो म्हणून कुणी वर जात नाही हे सांगताना माझाच आवाज फाटला. दादा ऐकून म्हणाला, "हा भाग जमलाय." त्यानंतर तो त्याच खुर्चीत, त्याच उशांत, सांगितले तेवढे दिवस मान खाली घालून बसला. एकदाही कुरकुरला नाही. आधी करायचा.

बुडबुडा विरला. छिद्र मिटलं. पण मिटायला वेळ लागला होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मधे एक डाग राहील. फिरता येईल, माणसं ओळखता येतील, टीव्ही बघता येईल. धारेचं काम जमेल का, ते त्यांनी दादाच्या तोंडावर सांगितलं नाही. "करून बघा," एवढंच म्हणाल्या.

दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघेच गेलो. शटर अर्धं खाली होतं. दादाने पहिल्या खुर्चीवर मला बसवलं, टॉवेल गुंडाळला, ब्रश फिरवला. हात तोच होता, जराही थरथरत नव्हता. त्याने नवं ब्लेड घातलं. मी आरशात बघत होतो. तो माझ्या गालाकडे बघायला मान थोडी कलती करत होता, डागाच्या कडेने बघायला. मी श्वास रोखून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या भावाच्या हाताची भीती वाटली आणि वाटली याची लाजही वाटली. एकदा चुरचुरलं. मी हललो नाही. मग जबड्याखाली पुन्हा.

त्याने फेस पुसला, बोटाने गाल चाचपला आणि माझ्या मागे उभा राहिला. आरशात त्याची नजर माझ्या चेहऱ्याच्या किंचित बाजूला होती.

"बोल," तो म्हणाला.

कानाखाली रक्ताची बारीक रेघ होती. हनुवटीखाली केसांचा पट्टा तसाच राहिला होता. छान झाली म्हणणं किती सोपं होतं! तीच सवय लागली होती. वाटत होतं, आज एक दिवस म्हणू, उद्या बघू. पण उद्या या खुर्चीत मी नसणार, दुसऱ्याचा गळा असणार.

"दोनदा लागलं दादा," मी म्हणालो. "आणि खाली राहिलेत. मशीन चालव, कात्री चालव. वस्तरा नको."

त्याने ब्लेड काढून कागदात गुंडाळलं, डब्यात टाकलं. वस्तरा मिटून त्याने तो खिशात ठेवला. मग वाकून शटर पूर्ण वर केलं.

बाहेर टायरवाला उभा होता, वाढलेल्या दाढीवरून हात फिरवत. दादाला बघून त्याचा चेहरा फुलला. तो आत आला आणि सवयीने पहिल्या खुर्चीकडे वळला. मी टॉवेल काढून उठत होतो. दादाने त्याचा दंड धरला, त्याला पुढे नेलं आणि माझी आतली खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"इकडे बसा," तो म्हणाला. "दाढी आता इकडे."